सासूबाईंना किती तारे

ही गोष्ट अक्षरशः खरी आहे, हे मी आधीच शपथेवर सांगून टाकतो, म्हणजे मध्येच कुणी हात वर करायला नको. ज्या परीक्षकाची ही गोष्ट, तो माझ्या शेजारच्याच टेबलाशी बसत असे आणि जे घडलं ते मी या डोळ्यांनी पाहिलं. म्हणजे, शेजारच्या टेबलाशी नव्हे, वरच्या मजल्यावर. आणि पाहिलं असंही म्हणता येणार नाही, त्याने मला सांगितलं, तेही जिन्यात, बंद पडलेल्या लिफ्टला शिव्या देत आम्ही दोघं चढत असताना. शिवाय त्याला दम लागत होता, त्यामुळे मधले काही दुवे मलाच भरावे लागले. पण गोष्ट खरी आहे. पदरचं कुठलं घातलं ते शेवटी सांगेनच; मी बाकी काही असेन, भेसळ लपवणारा नाही.

कचेरीत त्याला सगळे ‘साडेतीन’ म्हणत. दैनिकाच्या रविवार पुरवणीत तो पुस्तकांची परीक्षणं लिहायचा, आणि प्रत्येक परीक्षणाच्या डोक्यावर त्या पुस्तकाला पाचपैकी किती तारे ते छापलं जायचं. त्याच्या हातून बहुतेक पुस्तकं साडेतीन ताऱ्यांवर सुटायची, म्हणून हे नाव. साडेतीन शहाण्यांतला तो उरलेला अर्धा हाच, असं जाहिरात विभागातले लोक वर म्हणून घ्यायचे. त्याला त्याचं वाईट वाटत नसे. वाईट वाटून घेण्याची त्याला मुळी सवयच नव्हती. अकलेचे तारे तोडणारे जगात पुष्कळ आहेत, पण तारे देणारा मी एकटाच, हे तो स्वतःच सांगून मोकळा व्हायचा आणि समोरच्याच्या विनोदातली हवा काढून घ्यायचा.

त्याची कामाची एक रीत होती आणि त्या रीतीवर त्याचा देवावर असावा तसा विश्वास होता. पुस्तक वाचून संपलं की ते मिटायच्या आधी, शेवटचं पान उघडं असतानाच, खालच्या कोपऱ्यात पेन्सिलीने तारे काढायचे. एकदा पुस्तक मिटलं की मन वकिली करायला लागतं, लेखकाचा चेहरा आठवतो, प्रकाशकाने पाजलेली कॉफी आठवते. तेव्हा निकाल आधी, खटला मागाहून. काढलेले तारे त्याने जन्मात कधी खोडले नव्हते, आणि पाच तर कधी काढलेच नव्हते. ‘पाच म्हणजे यात आता बोट ठेवायला जागा नाही,’ तो म्हणायचा, ‘आणि बोट ठेवायला जागा नाही अशी वस्तू मी अजून पाहिलेली नाही, स्वतःला धरून.’ हे शेवटचं तो नम्रपणे म्हणायचा, पण म्हणताना आरशाकडे बघायचा.

घरीही हेच. एका शाळेत भूगोल शिकवणारी त्याची बायको सकाळी चहाचा कप पुढे ठेवून विचारायची, “किती?”

“तीन.”

“मग उद्यापासून साडेतीनचा तू कर.”

तो करायचा, आणि स्वतःच्या चहालाही साडेतीनच द्यायचा. त्याचा प्रामाणिकपणा असा दुधारी होता.

पहिली खोट सापडली ती एका जहाजाच्या कादंबरीत. निवृत्त झालेल्या एका डोळ्यांच्या डॉक्टरांनी आपल्या आजोबांवर ती लिहिली होती. आजोबा जहाजावर सुतार होते. पुस्तक तसं ढिलं होतं, पण त्यात एक प्रसंग असा होता, की म्हातारा सुतार अंधारात जहाजाच्या तळाशी उतरतो, फळ्या हाताने चाचपतो, मग वाकून एकेका फळीला जीभ लावतो आणि चवीवरून सांगतो की पाणी कुठून आत येणार आहे, अजून आलेलं नाही, येणार आहे. साडेतीनने तो प्रसंग बायकोला मोठ्याने वाचून दाखवला होता. तरीही तारे त्याने दोनच काढले, कारण त्या दिवशी शेजारी सकाळपासून भिंतीत यंत्राने भोकं पाडत होते आणि डोकं उठलं होतं. दोन आणि अडीच यांच्यामध्ये पुष्कळदा एवढंच अंतर असतं, हे परीक्षकांना माहीत असतं. ते फक्त बोलून दाखवत नाहीत.

पुढे वाचनालयात भाषण द्यायचं होतं, विषय ‘चांगला प्रसंग कसा ओळखावा’, म्हणून त्याने ती कादंबरी कपाटातून काढली. प्रसंग सापडेना. मागून पुढे चाळलं, पुढून मागे चाळलं. जिथे तो असायला हवा होता तिथे एकच वाक्य होतं: ‘आजोबांना लाकडाची चांगली पारख होती.’ पान फाटलेलं नव्हतं, आकडे ओळीने होते.

“तुला ते जीभ लावणं आठवतंय ना?” त्याने बायकोला विचारलं.

“जीभ? कशाला?”

“लाकडाला. मी वाचून दाखवलं होतं तुला. तू हातातलं काम टाकून ऐकलं होतंस.”

“असलं काही ऐकलं असतं तर विसरले असते का?” ती म्हणाली. “स्वप्नात वाचून दाखवलं असशील. तिथेही वाचतच असतोस तू.”

त्याने सरळ डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर खूश झाले. “बरं झालं तुम्हीच केलात फोन. मला आभार मानायचे होते. दोन तारे बघून आधी तळपायाची आग मस्तकाला गेली, मग पुन्हा वाचलं आणि म्हटलं, माणूस खरं बोलतोय. दोनाच्या वर माल नाही.”

“तुमचे आजोबा फळीला जीभ लावून—”

“जीभ? छे हो. आजोबांचं खुर्च्या-टेबलांचं दुकान होतं. जहाज आपलं मीच घातलं, जरा वारं लागावं म्हणून.”

आता, प्रकाशनाच्या दिवशी याच डॉक्टरांनी खिशातून काढून आजोबांचा एक पिवळट फोटो त्याला दाखवला होता. मागे शिडाचे दोर होते आणि म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर ऊन होतं. दुसरा कुणी असता तर त्याने त्या रात्री पांघरूण डोक्यावरून घेतलं असतं. साडेतीनने मात्र फोन ठेवला, हात डोक्यामागे बांधले आणि खुर्ची मागच्या दोन पायांवर रेलली. मी दोन म्हणालो आणि पुस्तक दोनाचं निघालं, नव्हे, दोनापर्यंत खाली येऊन बसलं. निवाडा म्हणतात तो याला. त्याला एवढंच वाटलं की इतकी वर्षं आपण उगाच कारणं लिहीत बसलो.

आणि मग त्याच्या बायकोचं पुस्तक आलं.

ती पुस्तक लिहीत होती याचा त्याला पत्ता नव्हता. जेवणाच्या टेबलावर मान खाली घालून ती जे करत असे ते पेपर तपासणं, असं तो धरून चालला होता. पुस्तक तिच्या आईवर होतं. या सासूबाई गेल्या वर्षी वारल्या. जन्मभर त्यांनी जुन्या खुर्च्या-सोफ्यांना नवी गादी, नवं कापड चढवून देण्याचं काम केलं. बारीक खिळे ओठांत धरायचे, जिभेने एकेक पुढे सरकवायचा आणि हातोडीने ठोकायचा. तोंडात खिळे असताना हसू आलं तर तोंड उघडून चालत नाही, त्यामुळे त्यांचं हसू लहानपणापासून नाकावाटे बाहेर पडायला शिकलं होतं. ओठ घट्ट मिटलेले, खांदे गदगदा हलतायत, आणि नाकातून घोड्याच्या फुरफुरण्यासारखा एक आवाज. काम थांबलं, खिळे डब्यात गेले तरी हसू तसंच राहिलं. त्याचं गिऱ्हाईक बहुतेक वेळा जावई. “काय हो तराजू,” दार उघडताच त्या विचारायच्या, “आज कुणाला कमी तोललंत?” आणि उत्तर यायच्या आधीच फुरफुरायच्या.

“फोटोत ती सगळीकडे गंभीर आहे,” छापील प्रत त्याच्या हातात देताना बायको म्हणाली. “आवाज कुठे भरून ठेवलेला नाही. तिचं हसणं आता फक्त माझ्या डोक्यात आहे, आणि डोक्याचा काय भरवसा? म्हणून लिहिलं. बाकी पुस्तक गेलं खड्ड्यात, तेवढं राहिलं तरी पुरे.”

पुरवणीच्या संपादिकेने स्वच्छ सांगितलं होतं, “घरचं पुस्तक आहे, तुम्ही नका करू. मी दुसऱ्या कुणाला देते.”

“दुसऱ्या कुणाला दिलंत तर लोक म्हणतील, साडेतीन घाबरला. मीच करणार. न्याय कशाशी खातात ते एकदा कळू दे सगळ्यांना.”

“बघू हं,” संपादिकाबाई चष्म्यावरून म्हणाल्या. “घरच्या दुधात पाणी किती घालता ते.”

कचेरीच्या वाचनखोलीत बसून त्याने ते एका बैठकीत वाचलं. ते हसणं दोन पानं भरून होतं, आणि ती दोन पानं अशी उतरली होती की वाचता वाचता त्याचे ओठ आपोआप मिटले, खांदे हलले आणि नाकातून आवाज निघाला. कोपऱ्यात शब्दकोडं सोडवणाऱ्या मुद्रितशोधकाने दचकून वर पाहिलं. फक्त शेवटचं प्रकरण तिला जमलं नव्हतं. दवाखान्यातलं, आईच्या मरणाचं. तिथे वाक्यं अडखळत होती, एकच गोष्ट दोनदा येत होती, एक परिच्छेद तर मध्येच उठून खोलीबाहेर गेल्यासारखा संपत होता. अर्धा तारा तिथे गळत होता. बाकी साडेचार, निःसंशय साडेचार. इतके त्याने आजवर चारपाच पुस्तकांना दिले असतील. त्याने शेवटचं पान उघडं ठेवलं, पेन्सिल घेतली. तेवढ्यात काचेपलीकडून संपादिकाबाई जाताना दिसल्या, त्यांनी हाताने दूध ओतल्याची खूण केली आणि हसल्या. त्याने तीन तारे काढले आणि पुस्तक मिटलं.

रविवारी पुरवणी चहाच्या कपाशेजारी उघडी पडली होती.

“तीन,” बायको म्हणाली.

“तीन म्हणजे चांगलं. वाचनीय.”

“माझ्या आईला तीन?”

“आईला नाही गं. पुस्तकाला.”

“आई आता तिथेच असते,” ती म्हणाली आणि कप उचलून आत गेली. त्या दिवशी चहाला किती, हे तिने विचारलं नाही.

पुढचे काही दिवस घर नेहमीसारखंच होतं. ती शाळेत जात होती, येताना भाजी आणत होती, खरोखरच पेपर तपासत होती. एका संध्याकाळी कपड्यांच्या घड्या घालता घालता ती थांबली, उशीचा अभ्रा हातात तसाच राहिला.

“ए, आई कशी हसायची रे?”

त्याला वाटलं थट्टा करतेय. त्याने ओठ मिटले, खांदे उडवले आणि नाकातून फुरफुरून दाखवलं. ही नक्कल तो सासूबाईंच्या तोंडावरही करायचा आणि त्यावर त्या अधिकच फुरफुरायच्या. बायकोने त्याच्याकडे पाहिलं, परक्या घरचं मूल कविता म्हणून दाखवतं तेव्हा आपण पाहतो तसं, सौजन्याने.

“अशी? काहीतरीच काय,” ती म्हणाली. “आई हसतमुख होती. आठवतंय मला. हसतमुख.” आणि तिने घडी पुरी केली. मग पुन्हा उलगडली. “पण कशी?” असं ती अभ्र्यालाच म्हणाली.

त्याने कपाटातून पुस्तक काढलं. दोन पानांच्या जागी दोन वाक्यं होती. ‘माझी आई अत्यंत हसतमुख होती. तिच्यामुळे घरात नेहमी प्रसन्न वातावरण असे.’ खिळ्यांचा उल्लेखच नव्हता. सासूबाई, पुस्तकाप्रमाणे, फावल्या वेळात शिवणकाम करत.

इथे त्याच्या पोटात पहिल्यांदा खड्डा पडला. पण तो साडेतीन होता. त्याचा खड्डाही फार वेळ रिकामा राहत नसे. अर्ध्या तासात त्यात आत्मविश्वास भरला गेला. ज्या हाताने गेलं त्याच हाताने परत आणता येईल, यात घाबरण्यासारखं काय आहे? उलट, बाकीच्या नवऱ्यांच्या हातून जे जातं ते कायमचं जातं. आपल्याकडे निदान दुरुस्तीची चौकट आहे. सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून तो संपादिकेच्या खोलीत शिरला.

“दुरुस्ती छापायचीय. तारे चुकीचे गेले.”

“तुमचे? तारे? चुकीचे?” बाईंनी हातातली लेखणीच खाली ठेवली. “घरी जेवण बंद झालं वाटतं.”

“चेष्टा नको. तीन नव्हते.”

“मग किती होते?”

साडेचार, हे त्याच्या जिभेवर होतं. खरं तेच होतं, आणि खरं बोलायलाच तो आला होता.

“सांगा की. चार? साडेचार?” बाई म्हणाल्या. “साडेचार म्हणाल तर सांगते, लोक म्हणतील, बायकोसाठी दुरुस्ती काढली आणि तिथेही अर्धा चोरला. तो अर्धा कशाचा हो?”

तो अर्धा दवाखान्याचा होता. अडखळणाऱ्या वाक्यांचा होता. त्याला अभ्र्याची घडी घालणारी, उलगडणारी बायको दिसली, आणि वाटलं, एवढ्यासाठी आता कुठे भांडत बसायचं. देतोच आहोत तर हात आखडायचा कशाला?

“पाच,” तो म्हणाला.

खोलीत पंखा फिरत होता. बाईंनी कागदावर लिहून घेतलं, आणि येत्या रविवारी पुरवणीच्या तळाला बोटभर चौकट आली: अमुक पुस्तकाच्या परीक्षणात तारे अनवधानाने तीन छापले गेले, ते पाच असे वाचावेत.

त्या रविवारी तो मुद्दाम चौकातल्या विक्रेत्याकडून एक जास्तीची प्रत घेऊन, शीळ घालत, दुपारच्या सुमाराला घरी आला. दाराशी चपलांचा एक जोड अधिक होता, कोराकरकरीत, तळ जराही न झिजलेला. आत टेबलावर तीन कप मांडलेले. बायकोचा चेहरा असा उजळलेला, की त्याला आपल्या लग्नाची आठवण झाली.

“हळू बोल,” ती म्हणाली. “आई जरा पडलीये.”

“आई?”

“सकाळीच आली. आता इथेच राहीन म्हणते.” तिने त्याच्या हातातली पुरवणी घेतली, चौकट वाचली आणि त्याच्या दंडाला चिमटा काढला. “शेवटी दिलेस ना पाच? बघ, जीव जातो का एखादा तारा जास्त दिला म्हणून?”

त्याने पुस्तक उघडलं. ती दोन पानं परत आली होती, पहिल्यापेक्षाही सरस, खिळ्यांसकट, फुरफुरण्यासकट. शेवटचं प्रकरण मात्र नव्हतं. पान फाटलेलं नव्हतं, आकडे ओळीने होते. पुस्तक त्या प्रकरणाच्या आधीच्या वाक्याला, पूर्णविराम देऊन, अगदी व्यवस्थित संपत होतं. बोट ठेवायला कुठे जागा नव्हती. तो पुस्तक हातात धरून उभा राहिला, आणि तेवढ्यात आतल्या खोलीतून, मिटलेल्या ओठांमागून, नाकावाटे, ओळखीचं हसू आलं.

गोष्ट मी इथेच संपवतो. ऐकणारे खूश होऊन घरी जातात, कुणी सासूसाठी साडी घेतो.

पण भेसळ सांगेन म्हणालो होतो. चपला खऱ्या, कप खरे, न फाटलेलं पान खरं. ते शेवटचं हसू मी घातलं. जिन्याच्या शेवटच्या वळणावर तो दम खायला थांबला तेव्हा मीच घाईने विचारलं होतं, “मग? हसल्या की नाही सासूबाई?”

तो म्हणाला, त्या फार चांगल्या आहेत. हात लोण्यासारखे मऊ, बोटांवर हातोडीची एक खूण नाही. त्याला ‘जावईबापू’ म्हणतात, चहा कसाही झाला तरी छान म्हणतात, कुणाबद्दल वावगा शब्द नाही. बायकोला मात्र आता सगळं आठवतं. रोज दुपारी ती त्यांच्यासमोर बसते आणि पुस्तकातली ती दोन पानं मोठ्याने वाचून दाखवते; मध्येच थांबते, त्यांच्या ओठांकडे बघते, मग पुढे वाचते. कधी तोही मधे उठून नक्कल करून दाखवतो. त्या शेवटपर्यंत नीट लक्ष देऊन ऐकतात. मग लेकीच्या डोक्यावरून हात फिरवतात आणि अगदी मायेने विचारतात, “छान लिहिलंयस हो. कोण गं ही बाई?”